हमीचा हुरडा

पौष उजाडला की माझं लक्ष घरात लागत नाही. वाऱ्यावर कुठूनतरी गोवऱ्यांचा धूर येतो, त्यात भाजल्या कणसाचा गोडसर, थोडा करपट वास असतो, आणि मी या वयातही दारात येऊन उभी राहते. कोणाच्या शेतात आगटी पेटली असेल, भोवती कोण कोण बसलं असेल, कोण रुसून बांधावर उभं असेल, हे मला उगाच जाणून घ्यावंसं वाटतं. सून म्हणते, "आत्याबाई, गारठ्यात कशाला उभ्या राह्यल्या, आत या." मी आत येते, पण कान बाहेरच. चौकसपणा हा माझा जन्माचा रोग आहे आणि आता तो बरा व्हायचं वय राहिलेलं नाही.

परवा नातवानं मला मोटारीत घालून हमरस्त्याच्या कडेच्या एका शेतात नेलं. तिथं आता हुरड्याला तिकीट लागतं. झोपाळे आहेत, उंट आहे, एकसारखे लाल शर्ट घातलेली पोरं ताटल्या भरभरून आणून देतात. हुरडा चांगला होता, खोटं कशाला बोलू. पण मी आपली सवयीनं इकडंतिकडं बघत होते. हे शेत कोणाचं? ही कणसं कोण खुडतंय? नातवाला विचारलं तर तो म्हणाला, "आजी, आपण पैशे दिलेत ना? मंग शेत कोणाचं का असंना." मला हसू आलं. त्याच्या आजोबांचं सगळं आयुष्य याच एका प्रश्नाची उत्तरं शोधण्यात गेलं होतं.

त्याचे आजोबा म्हणजे आमचे हे. रंगनाथराव. तेव्हा नाव घ्यायची सोय नव्हती. आता घेतलं तर रागवायला कोण आहे? निजामाचं राज्य होतं. जमिनीचा सगळा कागद उर्दूत. आमच्याकडचे शेतकरी मराठी बोलणारे, त्यातले बरेच अंगठा उठवणारे. शेत घ्यायचं म्हटलं की माणसाला धडकी भरायची. आज घ्यावं आणि उद्या कोणी चुलतभाऊ उगवावा, कोणाची विधवा काकू उभी राहावी, आणि म्हणावं की यात माझाही वाटा आहे. पटवाऱ्याला विचारावं तर तो ज्याचं मीठ खाईल त्याच्यासारखं सांगणार. सावकारांची आपापली माणसं होती, तीही सावकाराच्याच सोयीचं बोलायची.

अशा वेळी यांनी जालन्यात तहशिलीच्या मागच्या बोळात एक खोली घेतली. सोबतीला कासीमभाई. ते आधी तहशिलीत नकलनवीस होते, म्हणजे दिवसभर जुन्या कागदांच्या नकला उतरवायच्या. वरच्या साहेबाशी पटेना, म्हणून नोकरी सोडून आले. कासीमभाईंनी कागद वाचायचा आणि यांनी माणूस वाचायचा, अशी वाटणी. शेत घेणाऱ्याकडून थोडी बिदागी घ्यायची, शेताची सगळी कुळकथा शोधायची, आणि ते साफ निघालं तर हमी द्यायची: उद्या कोणी हक्क सांगत आला तर तुमचं नुकसान आम्ही भरून देऊ. लोक त्याला हमीचं दुकान म्हणायचे. सुरुवातीला हसायचे. दुकानात माल काहीच नाही, एक सतरंजी, एक मेज, पाण्याचा माठ आणि दोन माणसं. माझ्या वडिलांनी तर लग्नाआधी चौकशी करताना विचारलं होतं म्हणे, की मुलगा विकतो तरी काय?

लग्न होऊन मी आले तेव्हा मलाही तेच कोडं पडलं होतं. मी यांना विचारायची, "अहो, पण शेत साफ आहे हे कळतं कसं? कागदावर तर पटवारी म्हणेल ते असतं." हे म्हणायचे, "कागद बोलतो त्याच्या निम्मं ऐकायचं. उरलेलं शेतात बसून ऐकायचं." आणि शेतात बसून ऐकायची त्यांनी एक रीतच पाडली होती. तिच्यापायी तर हा हुरडा माझ्या डोक्यातून जात नाही.

आमच्याकडं पाडव्याला नवं साल लागतं. त्यामुळं शेतांचे सौदे पौष-माघात पक्के व्हायचे, आणि नेमकी तेव्हाच ज्वारी हुरड्यात आलेली असायची. हे काय करायचे, तर घेणाऱ्याला सांगायचे, की ज्या शेताचा सौदा आहे त्याच शेतात हुरडा करा. धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागलेले सगळे शेजारी बोलवा, विकणाऱ्याचं सगळं गणगोत बोलवा. यजमान घेणारा, बाकी सगळे पाहुणे. आणि मग नुसतं बघत बसायचं. यांचा ठाम समज होता की ज्याच्या मनात त्या शेताबद्दल काही खुपतंय, त्याच्या घशाखाली तो हुरडा उतरत नाही. दुसऱ्याचा पाहुणा म्हणून खाल्लं, की ते शेत दुसऱ्याचं हे कबूल केल्यासारखं होतं. तोंडानं माणूस काहीही बोलेल, पण हात पुढं होत नाही.

आणि खरंच तसं व्हायचं. एकदा बदनापूरकडच्या एका शेतात एक म्हातारबाबा सगळ्यांना आग्रह करून राह्यले, पण स्वतः दाणाही तोंडात टाकेनात. दात दुखतात म्हणाले. थोड्या वेळानं बघते तर हे बाबा बांधाच्या पलीकडं बसून ऊस सोलून खात होते. कासीमभाई हळूच जाऊन त्यांच्याजवळ टेकले. ऊस संपेपर्यंत सगळी कहाणी बाहेर आली: विकणाऱ्याच्या आज्यानं आणि बाबांच्या बापानं मिळून ती विहीर खोदली होती, पाण्याची पाळी अर्धी अर्धी, आणि कागदात तिचा पत्ता नव्हता. परत येताना हे गाडीत इतके खूश, की जणू विहीर यांनीच खोदली.

मला सोबत नेऊ लागले ते एका अडचणीमुळं. बायका पुरुषांसमोर खायच्या नाहीत. त्यांची आगटी वेगळी, लांब, झाडाआड. तिथं कोण खातं आणि कोण नुसतंच पदराला गाठी मारत बसतं, ते यांना कसं दिसणार? मग मी जायची. कासीमभाई म्हणायचे, "भाभी, तुमच्या आगटीवरची खबर आणा, आमच्याकडं नुस्त्या फुशारक्या चालतात." मला तर आयतंच फावलं. भोचकपणा करायचा आणि त्याला काम म्हणायचं, याहून चांगलं काय असतं?

त्या सालची गोष्ट सांगते. तिकडं विलायतेत लढाई चालू होती आणि इकडं रॉकेल मिळेना झालं होतं. परतूरला कापसाची मोठी उलाढाल. तिथले एक जिनवाले, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचे मालक, मोतीशेठ म्हणू, शेतं घेत सुटले होते. त्यांनी यांना बोलावणं पाठवलं. हे तिथून परत आले तेव्हा चालण्यातच फरक पडला होता. शेठ म्हणाले होते, "रंगनाथराव, त्या बोळात बसून काय होणार तुमचं? माझ्या जिनात दोन खोल्या देतो. मी घेईन त्या प्रत्येक शेताची पाहणी तुमची. दहा गावांत माणसं ठेवा, लिहिणारे ठेवा, दुकान वाढवा. फक्त बाहेरची कामं सोडा. माझ्यापुरतं बघा."

कासीमभाई आपले जुने कागद चाळत बसले. हे मात्र पुन्हापुन्हा तेच बोलत. बोळातल्या दुकानाचं खरं नव्हतं, हे मलाही दिसत होतं. एखादा महिना कामाचा, एखादा नुसता माठ भरायचा. आम्ही कोणाचेच नव्हतो, म्हणून लोक विश्वास ठेवत. आणि कोणाचेच नव्हतो म्हणूनच कोणी बांधून काम देत नव्हतं. मी तर मनानं परतूरला जाऊन राहिलेच होते. जिनाच्या आवारात आड होता, गोड्या पाण्याचा. जालन्याला माझं निम्मं आयुष्य पाण्याच्या रांगेत चाललं होतं. मी यांना म्हटलं, "घ्या की मग. वाट कशाची बघताय?" हे म्हणाले, "पहिलं शेत पार पडू दे. ते साफ निघालं, हमी दिली, की शेठ खोल्यांच्या किल्ल्या देणार."

ते पहिलं शेत कुंभार पिंपळगावच्या शिवारात होतं. काळीभोर, नुसती बोटानं उकरली तरी ओल लागावी अशी जमीन, आणि एका अंगानं गाडीरस्ता. शेठचा जीव त्या रस्त्यावरच होता, कारण कापसाच्या गाड्या थेट शेतातून निघाल्या असत्या. विकणारा रहीमखान, तिशीतला, हसतमुख माणूस. कासीमभाईंनी कागद वाचले. आज्याच्या नावचा पट्टा, म्हणजे मालकीचा कागद, बापाकडं, बापाकडून रहीमकडं, मधे कुठं खाडाखोड नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "तुझ्या वालिदला भैन होती ना?"

"हौ, फुफी हाय की. बदनापूरला दिलीय. तिनं हिस्सा कवाच सोडलाय."

"कागद?"

"घरच्या माणसाला कागद कशाला?"

"मंग तिला हुरड्याला बोलव," कासीमभाई म्हणाले.

ती फुफी, म्हणजे रहीमची आत्या, आली. अमीनाबी. बदनापूरहून आगगाडीनं परतूर, तिथून गाडीबैलानं शेतापर्यंत. उंच, हाडापेरानं मोठी, पांढरे केस मेंदीनं लाल केलेले. मी तिला पाहिलं आणि पाहातच राहिले. ती पाहुण्यांसारखी बसली नाही. गाडीतून उतरली ती सरळ ज्वारीत घुसली. कणीस नखानं दाबून बघायचं, दूध निघालं तर पुढं, दाणा भरला असेल तर कट्कन मोडायचं. ओढणीत ओटीभर कणसं घेऊन आली आणि आमच्या आगटीवर बसलेल्या बाईला म्हणाली, "सरक, तुला इस्तव बघता येत न्हाई. नुस्ता धूर करून राह्यलीस." मग तिनं स्वतः गोवऱ्या सारख्या केल्या, कणसं राखेत खोचली, भाजली की तळव्यावर चोळली, फुंकर मारली, आणि माझ्या ओंजळीत तो हिरवा, गरम हुरडा ओतला. "खा पोरी. काय चिमणीवानी टिपतीस?" जवसाची चटणी दिली, वर गुळाचा खडा दिला. सगळ्या बायकांना वाढून झाल्यावर तिनं स्वतः खाल्लं, चांगलं पोटभर. मला ती फार आवडली. खरं सांगायचं तर तिच्या नादात मी बाकी कोणाकडं लक्षच दिलं नाही.

ऊन कलायला लागलं तसं यांनी मला खुणेनं विचारलं. मी मान हलवली: सगळ्या बायकांनी खाल्लं. फुफीनंही खाल्लं. पुरुषांकडंही सगळं ठीक होतं. यांनी शेठच्या हातात हात दिला आणि चारचौघांत म्हणाले, "शेत साफ आहे. हमी माझी." शेठ त्यांच्या टांग्यातून पुढं गेले. आम्ही तिघं बैलगाडीनं परतूरच्या वाटेला लागलो.

गाडीत हे खोल्यांच्या गोष्टी करत होते. मेज कुठं ठेवायचं, पाटी कुठं लावायची. मी गप्प होते, आणि मी गप्प असले की यांना काळजी वाटायची. "काय झालं?" मला काय झालंय ते मलाच नीट कळत नव्हतं. ती बाई डोळ्यांपुढून हलत नव्हती. कणीस मोडल्याचा तो कट्कन आवाज कानात होता. आणि मग मी विचारलं, "अहो, तुमच्या शेतात तुम्ही गेलात तर कणीस कोणाला विचारून खुडता?"

"आपल्या शेतात कोणाला काय विचारायचं?"

"मग ती अमीनाबी कोणाला विचारून खुडत होती?"

  मग हे जरा चिडून म्हणाले, "पण तिनं खाल्लं ना? तूच सांगितलंस."

"खाल्लं. पण सगळ्यांत शेवटी. आधी तिनं वाढलं. यजमान तर शेठ होते. ती पाहुणी होती, तर वाढत कशी होती?"

आम्ही आजवर कोण खात नाही तेवढंच बघत होतो. कोण वाढतंय हे बघायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कासीमभाईंनी गाडीवानाच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडी थांबवायला लावली. "रंगनाथराव," ते म्हणाले, "आमच्यात बापाच्या जमिनीत भैनीला भावाच्या निम्मा हिस्सा असतो. बहुतेकजणी मागत न्हाईत. भावाच्या घरचं दार उघडं राह्यला पाह्यजे म्हणून गप बसतात. पण मागितला न्हाई म्हणून तो हिस्सा मरत न्हाई. गाडी फिरवा."

यांनी एकदा पुढच्या रस्त्याकडं बघितलं. परतूरच्या बाजूनं जिनाचं धुराडं दिसत होतं. मग म्हणाले, "फिरव रे."

अमीनाबी शेतातच होती. बाकी सगळे गावाकडं गेले होते आणि ती उरलेली कणसं फडक्यात बांधत होती, बदनापूरच्या नातवंडांसाठी. आम्हाला बघून हसली. "काय इसरलं?" कासीमभाईंनी तिला आपा म्हणून हाक मारली, बाजूला बसले आणि सरळच विचारलं, "आपा, तू हिस्सा सोडलाय का?"

"कोण बोल्लं?"

"रहीम."

"याड लागलंय त्याला. भावाला म्हन्ले होते, तू पेर, तू खा, मला एक दाना नको घरला. पन साल में एक बार मी येईन आन माझ्या हातानं हुरडा भाजून खाईन. भाऊ होता तवर तो सोता टेसनावर यायचा न्यायला. हिस्सा कशाला सोडू? बापाचं शेत हाय." मग तिनं आमच्या तोंडांकडं पाहिलं. "का? काय झालं?"

तेव्हा आम्हाला कळलं की तिला सौद्याचं कोणी सांगितलंच नव्हतं. तिला वाटत होतं की दरवर्षीसारखा हुरडा आहे आणि यंदा पाहुणे जरा जास्त आहेत. "रहीम शेत विकून राह्यला," कासीमभाई म्हणाले. "शेठ इथं कापसाची पऱ्हाटी लावणार." ती हातातल्या फडक्याची गाठ मारता मारता थांबली आणि तिथंच ढेकळांत बसली. ज्वारीच जाणार म्हटल्यावर हुरडा कुठला? मला इतकं वाईट वाटलं की मी तिच्याजवळ जाऊन बसले.

कासीमभाईंनी तिला दोन्ही वाटा सांगितल्या. हिस्सा सोडल्याचा अंगठा द्यायचा, नाही तर हिस्सा मोजून घ्यायचा. ती म्हणाली, "मोजून घेतला तं माहेर तुटंल. न्हाई घेतला तं शेत जाईल." आणि मग यांच्याकडं बघून, "बाबा, तुमी मोठी मानसं. तुमी सांगान तिथं अंगठा देते."

 कासीमभाईंच्या पिशवीत कागद होता, शाई होती. एक अंगठा, की हमी पक्की, खोल्या आमच्या, आड आमचा. त्या बाईनं जन्मात कधी कज्जा केला नसता. आणि मी, जिनं गाडी फिरवायला लावली, तीच मनातल्या मनात म्हणत होते, घ्या, घेऊन टाका. माणसाचं मन कसलं असतं, मला अजून उलगडलेलं नाही.

हे म्हणाले, "खाला, तुम्ही तुमच्या सवडीनं ठरवा. मी हमी आत्ताच मागं घेतो. माझी गरज मधे असताना मी तुम्हाला काही सांगणं बरं न्हाई."

शेठच्या जिनात दुसऱ्या दिवशी काय झालं, ते मला कासीमभाईंनी सांगितलं. शेठ ओरडले नाहीत. म्हणाले, "रंगनाथराव, एका अंगठ्याचा तर सवाल हाय." हे म्हणाले, "हो, आणि तो मिळतही होता." शेठ म्हणाले, खोल्यांचं मग राहू द्या. माणूस वाईट नव्हता. स्टेशनपर्यंत आपल्या टांग्यातून सोडलं त्यांना. पण जालन्याला परत आल्यावर मी चुलीपुढं बसून रडले, हेही लिहून ठेवते. पाण्याच्या रांगेत परत उभं राहायचं होतं.

अमीनाबीनं त्याच आठवड्यात निरोप पाठवला. हिस्सा मोजून द्या. तिला हवा होता रस्त्याकडचा पट्टा, कारण गाडीतून उतरलं की सरळ आपल्या शेतात पाय. मोजणी झाली, तिच्या नावाचा वेगळा पट्टा झाला. रस्ताच गेल्यावर शेठना त्या शेतात राम वाटेना. त्यांनी सौदा मोडला. रहीमखाननं फुफीशी बोलणं टाकलं. तुझ्यापायी माझा सौदा बुडाला, म्हणाला, आणि माहेरचं दार लागलं. तिला ज्याची भीती होती ते सगळं बरोबर तसंच झालं. मी यांना विचारलं, "आपण हे बरं केलं का हो?" हे म्हणाले, "शेत साफ झालं." मी म्हटलं, "मी शेताचं विचारलं न्हाई." मला तेव्हा त्यांचा राग आला होता.

दुकानाचं मात्र भलतंच झालं. मी समजून चालले होते की आता बोळातला माठ पण विकावा लागतो. पण परतूरच्या आडतीत बातमी फिरली. लोक विचारत यायचे, "शेठला न्हाई म्हन्ले ते कुठं बसतात?" घेणारे येऊ लागले, विकणारेही येऊ लागले, कारण यांनी साफ म्हटलेल्या शेताला गिऱ्हाईक लवकर लागायचं. आणि मागच्या दारानं बायका येऊ लागल्या. कोणाचा दीर शेत विकतोय, कोणाच्या सवतीच्या लेकानं पोटगीची जमीन गहाण टाकलीय. माझ्या स्वयंपाकघराचंच एक दुकान झालं. पुढं परतूरच्या बाजारात आणि बदनापूरच्या बाजारात यांनी बाजारच्या दिवशी सतरंजी टाकायला सुरुवात केली. कोणाच्या आवारात नाही, लिंबाच्या सावलीत. कोणीही यावं आणि विचारावं, हे शेत कोणाचं आहे हो?

मी मात्र अजूनही त्या प्रश्नावर अडलेली आहे. शेत कोणाचं, म्हणजे नक्की काय? ज्याच्या नावाचा कागद त्याचं, की ज्याच्या घामाचं, की जो न विचारता कणीस मोडतो त्याचं? मी माझ्या भावाच्या शेतात जायची तेव्हा बांधावर थांबायची, वहिनी "या, बसा" म्हणेपर्यंत. लहानपणी त्याच शेतात मी चिंचेवर चढून उड्या मारल्या होत्या. मला कोणी थांब म्हटलेलं नव्हतं, तरी पाय थांबायचे. कासीमभाईंना मी एकदा विचारलं, की आमच्यात बहिणीला का नाही हो हिस्सा? ते हसून म्हणाले, "भाभी, आमच्यात हाय, आन कोणी देत न्हाई. तुमच्यात न्हाई, एवढाच फरक." मी त्या दिवशी त्यांच्या चहात साखर कमी घातली.

पुढच्या पौषात अमीनाबीचा निरोप आला. या, हुरडा खायला या. हे, कासीमभाई आणि मी, तिघंही गेलो. तिनं पट्टा गावातल्या एका कुळाकडून पेरून घेतला होता. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. लहानशी आगटी, एकच घोंगडी, आणि ती एकटी. आम्हाला बघून तिला आनंद झाला, पण मला तिच्यात काहीतरी वेगळं वाटलं. तिची नजर सारखी मागच्या शेताकडं जायची. मागं रहीमखानची तूर उभी होती, काढणीला आलेली. त्याच्या शेताला आता रस्ता उरला नव्हता. तो नाल्यानं फेर घालून गाडी नेत होता, चिखलातून, पण फुफीच्या शेतात पाऊल टाकत नव्हता. अख्खं साल असं चाललं होतं.

ती कणसं भाजत होती, चोळत होती, आम्हाला वाढत होती. मी विचारलंच. मला राहवत नाही. "खाला, पस्तावा होतो का?"

तिनं राख सारखी केली. "पैले भावाच्या शेतात मी मालकिनीवानी फिरायची," ती म्हणाली. "आता मालकीन झाले, तं पाव्हन्यांची वाट बघते."

तेवढ्यात मागं बैलांची घुंगरं वाजली आणि थांबली. रहीमखानची गाडी धुऱ्याशी उभी होती, तुरीच्या पेंढ्यांनी शिगोशीग भरलेली. नाल्यात चाक रुतून आलं असावं, आरे चिखलानं माखले होते. तो खाली उतरला. आमच्याकडं बघेना, बैलांच्या शिंगांकडं बघत म्हणाला, "फुफी, गाडी निकालूं क्या?"

अमीनाबीनं मान वर केली नाही. कणीस चोळत राहिली.  मला वाटलं, आता ही याला सालभराचं सगळं ऐकवणार, आणि ऐकवावंच असंही वाटलं.

"किसके शेत में से?" तिनं विचारलं.

 बैलानं मान झटकली. कासीमभाई आपल्या जोड्याकडं बघत बसले होते आणि हे दूर कुठंतरी.

"तेरे शेत में से," तो म्हणाला.

"उतर. पैले खा."

तो आला आणि घोंगडीच्या कडेला, पाहुणे बसतात तसा अंग चोरून बसला. तिनं हुरडा चोळला, फुंकर मारली आणि त्याच्या तळव्यावर ओतला. तो खाली मान घालून खात राहिला, ती वाढत राहिली. पोट भरल्यावर तो उठला, हात झटकले, आणि गाडीत न बसता बैलांची वेसण धरून पुढं चालायला लागला. दर चार पावलांवर वळून चाकाकडं बघायचा, आणि कडेच्या अरुंद वाटेनं, ज्वारीचं एकही ताट मोडू न देता त्यानं ती भरली गाडी फुफीच्या शेतातून रस्त्यावर काढली.